एक मोजला, पाच धरले

मित्रांनो, माझे नाव तुम्ही कदाचित ऐकलेही नसेल. मला वॅटमीटर म्हणतात. तुमच्या दाराशी विजेचा जो मीटर बसवलेला असतो, तो माझा दूरचा भाऊ. सगळ्या घराने मिळून महिनाभरात किती वीज वापरली, ते तो सांगतो. माझे काम वेगळे आहे. एखादा पंखा, एखादी गिरणी, एखादा पंप आत्ता, या क्षणाला, किती वीज ओढतो आहे, एवढेच मी सांगतो. सागवानी पेटी, वर काच, काचेखाली पांढरी तबकडी आणि तिच्यावर एक बारीक काळा काटा, असे माझे रूप. आता मी जुना झालो आहे. काचेला तडा गेला आहे आणि पेटीचा चामड्याचा पट्टा केव्हाच तुटला आहे.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. देश स्वतंत्र होऊन तेव्हा वीसेक वर्षे झाली असतील. तिथल्या कारागिरांनी केसासारखी बारीक तार माझ्या पोटात गुंडाळली आणि माझा काटा एका चिमुकल्या खड्यावर तोलून बसवला. मग एका मोठ्या, खात्रीच्या मीटरशेजारी मला ठेवून माझी परीक्षा घेतली. तो जे सांगेल तेच मी सांगतो, असे दिसल्यावरच मला पेटीत बंद केले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

पेणच्या दत्तात्रेय मिस्त्रींनी मला विकत घेतले. बाजारपेठेत त्यांचे मोटारी भरायचे दुकान होते. मोटार जळली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तार गुंडाळून तिला पुन्हा चालती करायची, याला मोटार भरणे म्हणतात. तालुक्यातल्या भाताच्या गिरण्या, पोह्याच्या गिरण्या, विहिरींवरचे पंप, सगळ्यांच्या मोटारी त्यांच्याकडे येत. दुकानात कायम व्हार्निशचा वास भरलेला असे.

प्रत्येक यंत्रावर एक छोटी पाटी ठोकलेली असते, ती तुम्ही पाहिली असेल. यंत्राची ताकद तिच्यावर लिहिलेली असते. लोक ती वाचतात आणि यंत्राला तेवढीच वीज लागत असेल, असे समजतात. मिस्त्री गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून सांगत, "पाटी म्हणजे यंत्राचं बारशाच्या दिवशीचं वजन. आज ते किती खातं, ते खाताना बघावं लागतं."

आणि ते खरेच होते. यंत्र जुने होते, त्याचे बेअरिंग झिजते, मोटार एकदा जळून पुन्हा भरली जाते, पंपात गाळ अडकतो. मग तेच यंत्र पाटीपेक्षा पुष्कळ जास्त वीज ओढू लागते. उलट, काही यंत्रांना पाटीपेक्षा कितीतरी कमी वीज पुरते. मिस्त्री मला मधे जोडत, यंत्र चालू करत आणि काटा थरथरून स्थिर होईपर्यंत थांबत. तेवढा वेळ दुकानात कोणी बोललेले त्यांना चालत नसे.

रोह्याच्या एका चाळीतली गोष्ट मला अजून आठवते. जवळच्या धाटावला कारखाने सुरू होऊन बरीच वर्षे झाली होती. कंपनीत शिफ्टला जाणारे लोक रोह्यात बिऱ्हाडे करून राहत. त्या चाळीत सगळ्या खोल्यांना मिळून एकच जोडणी होती आणि रोज संध्याकाळी फ्यूज उडून सगळी चाळ अंधारात बुडत असे. चाळीत फ्रिज फक्त विमलबाईंकडे होता. तोही जुना घेतलेला. त्यांच्या सासूबाईंना मधुमेह होता आणि इंजेक्शनच्या बाटल्या थंड ठेवाव्या लागत. फ्यूज उडायला लागल्यावर सगळ्यांचे बोट त्या फ्रिजकडे वळले. चाळीचा कारभार पाहणारे कमळाकर तर रोज त्यांच्या दारात उभे राहून सांगत, "वहिनी, तुमच्या एका कपाटापायी आम्ही सगळे काळोखात. रविवारपर्यंत काढा तो."

विमलबाईंच्या यजमानांनी मिस्त्रींना बोलावले. रविवारी सकाळी आम्ही एसटीने रोह्याला गेलो. सगळी चाळ ओसरीवर जमली होती. मिस्त्रींनी मला फ्रिजला जोडले. काटा थोडासा सरकला आणि दोन मोठ्या दिव्यांना लागेल एवढ्या आकड्यावर थांबला. थोड्या वेळाने फ्रिज आपोआप बंद झाला आणि काटा शून्यावर आला.

"बंद पडला काय हो?" विमलबाईंच्या सासूबाईंनी घाबरून विचारले.

"नाही, आजी. आत पुरेसं थंड झालं की तो झोपतो, गरम झालं की उठतो. दिवसातून बराच वेळ तो काहीच खात नाही."

मग मिस्त्री एकेका खोलीत गेले. जे जे म्हणून भिंतीत खुपसले जाई, ते ते त्यांनी मला दाखवले. कमळाकरांच्या खोलीत पलंगाखाली तारेची एक लहानशी शेगडी होती. कंपनीतून आल्यावर ते तिच्यावर आंघोळीचे पाणी तापवत. मिस्त्रींनी ती लावली मात्र, माझा काटा तबकडीच्या टोकाकडे धावत सुटला.

"अहो, एवढीशी तर शेगडी!" कमळाकर म्हणाले.

"दिसायला एवढीशी," मिस्त्री म्हणाले, "पण तुमचा पाण्याचा हंडा तापेपर्यंत ती दहा फ्रिजांएवढं ओढते."

ओसरीवर हसू फुटले. कमळाकरही कान धरून हसले आणि त्यांनी ती शेगडी त्याच दिवशी बंद केली. विमलबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, डोळ्यांना पदर लावला आणि मग सगळ्यांसाठी लिंबाचे सरबत घेऊन आल्या. फ्रिजमधला बर्फ घातलेले. मिस्त्री परतीच्या गाडीत मला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या पेटीवरून त्यांचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत आनंदाचे दिवस होते, मित्रांनो.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते.

पेणच्या खाडीकाठी खारशेत नावाचे गाव होते. तिथे हिरामण राहत असे. उन्हाळ्यात तो मिठागरावर काम करी आणि पावसाळ्यात भात लावी. जळालेली मोटार घेऊन तो पहिल्यांदा दुकानात आला आणि मिस्त्रींचा मित्रच झाला. बाजाराच्या दिवशी तो हमखास डोकावे, कधी पिशवीत जिताडा माशाचा तुकडा घेऊन, कधी रिकाम्या हातानेच. गावच्या जत्रेला मिस्त्री त्याच्या घरी जेवायला जात. हिरामणची बायको पुतळी त्यांना दादा म्हणत असे. ती वाढायला लागली की मिस्त्रींचे नको नको कोणी ऐकत नसे.

खारशेतची शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली होती. खाडी आणि शेते यांच्यामधे मातीचा एक लांब बांध होता आणि सगळे गाव त्या बांधावर जगत होते. एका वर्षी आषाढातल्या अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे मोठे भगदाड पडले. खारे पाणी लावणी झालेल्या शेतांत शिरले. सगळ्या गावाने चिखल, पेंढा आणि लाकडाच्या मेढी घालून भगदाड बुजवले, पण आत शिरलेले पाणी बाहेर जाईना. ओहोटीला पाणी सोडायची बांधातली झडप गाळाने घट्ट बसली होती. पाणी लवकर निघाले असते, तर पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेले असते आणि बुजवलेला बांधही आतून सुकून घट्ट झाला असता. पुढचे मोठे उधाण पौर्णिमेला येणार होते. त्याच्या आत हे सारे व्हायला हवे होते.

बातमी आतल्या गावांत पोचली. गागोद्याचा सखा नावाचा शेतकरी आपला नवा पंप टेम्पोत घालून घेऊन आला. आणखी चौघांनी आपापले पंप दिले. सगळे मिळून पाच पंप झाले. सगळ्यांच्या पाट्यांवर एकच आकडा होता. पण गावाला वीज देणारी डीपी, म्हणजे खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, एकच, आणि तीही लहान. ती जळली तर सगळेच थांबणार, या भीतीने लोक एका वेळी एक-दोनच पंप चालवत होते. म्हणून हिरामण पेणला आला आणि मिस्त्रींना घेऊन गेला. मी मिस्त्रींच्या खांद्यावर होतो.

बांधावर पाऊस पडत होता. हिरामणचा आवाज बसला होता. "मिस्त्री, पाची पंप एकदम लावले तर डीपी धरील काय? तेवढं सांगा. धरील तर दोन दिवसांत खार बाहेर."

"धरील का नाय, ते हा सांगेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी माझी पेटी उघडली.

मला जोडायचे म्हणजे चालता पंप बंद करावा लागे, त्याची एक तार सोडवून माझ्यातून फिरवून घ्यावी लागे आणि पंप पुन्हा चालू करावा लागे. सखाचा पंप वाटेजवळ होता, म्हणून त्याच्यापासून सुरुवात झाली. पुतळीने माझ्यावर इरले धरले. पंप सुरू झाला. माझा काटा वर गेला, थरथरला आणि स्थिर झाला. मिस्त्रींनी अंदाज केला होता त्यापेक्षा आकडा थोडा कमीच निघाला. नवा पंप, गुळगुळीत बेअरिंग, आणि तो उपसत होता तिथले पाणी निवळ होते. मी अगदी खरे सांगितले होते.

मिस्त्री दुसऱ्या पंपाकडे निघाले. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून केरू ओरडत आला. केरू गावातलाच, वायरिंगची कामे करणारा. "पंप बंद करू नका! बांध आतून पाझरतोय!"

हिरामणने मिस्त्रींचा हात धरला. "मिस्त्री, एक मोजलात ना? पाची पंप एकसारखे. पाचानं गुणा नि सांगा. दर पंपाला थांबत बसलो तर बांध जाईल."

मिस्त्री थांबले. त्यांचा हात माझ्या तारेवर होता. त्यांनी पुढच्या पंपाकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले, मग हिरामणच्या तोंडाकडे. असे भरभर मोजणे त्यांच्या स्वभावात नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण समोर मित्र होता आणि पाणी त्याच्या शेतात उभे होते.

"धरील," ते म्हणाले. "लावा पाचही."

पाचही पंप सुरू झाले तेव्हा बांधावर केवढा आरडाओरडा झाला! बायका टाळ्या वाजवायला लागल्या. पाणी पाईपांतून धोधो खाडीत पडू लागले. शेतात रोवलेल्या मेढीवर पाण्याची ओली रेघ उघडी पडली, म्हणजे पाणी खाली जात होते. हिरामण ती रेघ सगळ्यांना बोट लावून दाखवत होता.

आणि थोड्याच वेळात डीपीवरचा फ्यूज उडाला.

वायरमन शेजारच्या गावात पडलेल्या तारा उचलायला गेला होता. सगळे मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहू लागले.

या वेळी हिरामणनेच विचारले, "परत मोजायचं काय, मिस्त्री?"

"मघाशी मोजलं ना!" मिस्त्री जरा तुटकच बोलले. "लोड बरोबर हाय. फ्यूजची तारच जुनी असेल. केरू, दुहेरी तार घाल."

मित्रांनो, असे कधीही करू नये. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करण्यासाठी. पण लोड बरोबर आहे, असे मिस्त्रींनी सांगितले होते आणि मिस्त्रींचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. केरूने मुख्य बटण बंद करून दुहेरी तार घातली. पंप पुन्हा सुरू झाले. मी उघड्या पेटीत, इरल्याखाली पडून होतो. तारा सुटलेल्या असल्या की मला काही कळत नाही आणि काही सांगता येत नाही. मला वाचा असती, तर मी ओरडून सांगितले असते की मी एकाच पंपाबद्दल बोललो होतो, बाकीच्या चौघांना मी पाहिलेलेसुद्धा नाही.

दुपार कलली तसा डीपीचा आवाज बदलला. आधी ती गुणगुणत होती, मग घुमू लागली. जळक्या तेलाचा वास बांधापर्यंत आला. मिस्त्री उठून धावले. पण ते पोचायच्या आत मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि पाचही पंप एकदम गप्प झाले. फक्त पावसाचा आवाज राहिला.

मिस्त्रींनी जाऊन एकेका पंपाला हात लावला. सखाचा पंप कोमट होता. बाकीच्या चार मोटारींवर हात ठेववत नव्हता. एक मोटार दोनदा भरलेली होती आणि भरणाऱ्याने हाताला येईल ती तार वापरली होती. एकीचा दांडा हलत होता. दोन पंप पाण्याऐवजी गाळच ओढत होते. प्रत्येकजण पाटीपेक्षा किती जास्त खात होता, ते आता मोजायला वीजच नव्हती. मिस्त्री शेवटच्या पंपाशी वाकले ते तसेच राहिले. हिरामणने येऊन त्यांना उठवले.

गावाने हार मानली नाही. डबे, घमेली, हंडे, जे हाताला लागेल त्याने लोक पाणी उपसत राहिले. पण त्या वर्षी पावसाने जिल्हाभर तारा आणि खांब पाडले होते, रस्ते पाण्याखाली होते. नवी डीपी लवकर येण्यासारखी नव्हती. पौर्णिमेच्या उधाणाने बुजवलेली ओली खांड पुन्हा फोडली, आधीपेक्षा रुंद. भाताची रोपे पिवळी पडली, मग काळी पडली. नवी डीपी आली तेव्हा शेतात वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.

गावाची बैठक देवळात भरली. मिस्त्री पेणहून मुद्दाम गेले आणि उभे राहून म्हणाले, "चूक माझी हाय. मी एक पंप मोजला नि पाच धरले. फ्यूज उडाला तेव्हा तरी मोजायला पायजे होतं."

हिरामण लगेच उठला. "घाई आम्ही केली. हात मी धरला मिस्त्रींचा. ते मोजायला निघाले होते."

कोणीही मिस्त्रींना एक शब्द बोलले नाही. मला वाटते, कोणी रागावले असते तर त्यांना हलके वाटले असते.

पुढे काही वर्षे जमिनीतले मीठ गेले नाही. बांधाची डागडुजी होई आणि पुन्हा खांड जाई. हळूहळू खाडीकडच्या शेतांत तिवरे उगवली आणि मग ती शेते खाडीचीच झाली. हिरामणच्या वाट्याची जमीन त्यातच होती. तो धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. दोन गाड्या बदलून शिफ्टला जायचा. पुतळी वर्षातले बरेच दिवस मिठागरावर राबू लागली.

धाटावला जाता-येता हिरामण सुरुवातीला दुकानात डोकावत असे. मिस्त्री त्याच्याशी धड बोलत नसत. मोटारीवर वाकून बसत, हातातले काम संपतच नाही असे दाखवत. हिरामण स्टुलावर थोडा वेळ बसे आणि उठताना म्हणे, "जत्रेला या हां, मिस्त्री. पुतळीनं सांगितलंय."

"येतो, येतो," मिस्त्री म्हणत.

ते गेले नाहीत. एका वर्षी गेले नाहीत, दुसऱ्या वर्षीही नाही. मग हिरामणचे डोकावणेही कमी झाले आणि शेवटी थांबले.

मिस्त्री मात्र बदलले. दुकानात आलेले प्रत्येक यंत्र ते मोजू लागले. साधा मिक्सर असला तरी मला काढत. गिऱ्हाईक खोळंबून राही आणि कंटाळून म्हणे, "अहो, पाटीवर लिहिलंय ना?" मिस्त्री मान हलवत आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहत. लोक दुसरीकडे जाऊ लागले. पुढे बाजारात चिमट्यासारखे मीटर आले. तार न सोडवता नुसती चिमट्यात धरली की आकडा दिसतो. मिस्त्रींच्या पुतण्याने तसा एक आणला आणि मला फळीवर ठेवून दिले. माझ्यावर धूळ बसली, काचेवर पाल फिरू लागली.

फळीवरून मी पाहत असे. एक दिवस कोणीतरी सांगत आले की खारशेतचा हिरामण गेला. मिस्त्री उठले. त्यांनी सदरा चढवला, चपला घातल्या, छत्री घेतली आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. एसटी स्टँडकडे जाणारा रस्ता समोर होता. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग परत आले, चपला काढल्या आणि बाकावर बसले. त्या दिवशी त्यांनी कोणाचीही मोटार हातात घेतली नाही.

वर्ष उलटल्यावर पुतळीबाई दुकानात आल्या. केस पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती. मिस्त्रींनी खाली मान घालूनच स्टूल पुढे सरकवले.

"दादा, गावात नळाचं पाणी येतंय," त्या म्हणाल्या. "दोन पंप बसवलेत. बायकांच्या बचत गटानं चक्की घेतलीय. सगळं एकाच डीपीवर. एक माणूस आला होता, पाट्या वाचून गेला. मी म्हटलं, आमच्याकडे नुसत्या पाट्या वाचून नाय चालायचं. तुम्ही या."

"दुसरं कुणी बघा, पुतळीबाई. माझे हात कापतात आता."

"हात मी धरीन. तुम्ही आकडा बघा."

मिस्त्रींनी मला फळीवरून काढले, धूळ पुसली. पट्टा तुटलेला, म्हणून दोरी बांधली. खारशेतला पोचल्यावर त्यांनी पहिला पंप मोजला, मग दुसरा, मग चक्की. चक्की रिकामी असताना मोजली आणि दाणे घालूनही मोजली. पुतळीबाई तारा धरून उभ्या होत्या आणि कोणीही घाई केली नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले, "दोन्ही पंप एकदम चालवा, काय भीती नाय. चक्की मात्र पंप बंद असतील तेव्हाच लावा."

"बरं," पुतळीबाई म्हणाल्या. त्यांनी चक्कीवरच्या बायकांना बोलावून तसे बजावले.

मी पेटीत गेलो, पण झाकण उघडेच राहिले होते. मिस्त्री बांधाकडे तोंड करून उभे होते. समोर, जिथे पूर्वी हिरामणचे शेत होते, तिथे तिवरे वाऱ्याने हलत होती.

"त्याला तोंड दाखवायची माझी हिंमत नाय झाली," ते म्हणाले. "तो मनातनं रागावला असेल, असं वाटायचं."

पुतळीबाईंनी हातातल्या तारा गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाल्या, "जत्रेला ताटं मांडली की ते दर साली दारात जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, मिस्त्रीची गाडी लागली का बघतो. शेत गेलं ते आम्ही सोसलं, दादा. तुम्ही यायचं सोडलंत, ते त्यांना सोसलं नाय."

मिस्त्री तिथेच बांधावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकले. पुतळीबाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. मग त्यांनी मिस्त्रींना घरी नेले आणि जेवायला वाढले. मिस्त्री नको म्हणाले नाहीत. जे वाढले ते सगळे त्यांनी खाल्ले.

मिस्त्री आता नाहीत. दुकान त्यांचा पुतण्या चालवतो. मी फळीवर आहे आणि माझा काटा अजून खरा आहे, पण मला कोणी खाली काढत नाही. त्याचे मला फारसे दुःख नाही. जुन्या यंत्रांचे असेच व्हायचे.

पण मित्रांनो, दोन गोष्टी माझ्यासाठी करा. जिथे माणसांचे काही पणाला लागले असेल, तिथे एक यंत्र मोजून बाकीची सारखीच असतील असे समजू नका. थोडा उशीर झाला तरी चालेल, प्रत्येकाजवळ जा. आणि तुमच्या हातून कधी काही बिघडले, तर ज्याचे बिघडले त्याच्या घरी जायचे टाळू नका. तो रागावला असेल तर बोलेल. रागावला नसेल, तर तो दारात उभा राहून तुमची वाट पाहत असेल. तेव्हा वेळेवर जा.